दाराआडची विळी

आज लालबागहून परळकडे पायी येताना, धुराड्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे पाहून, १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या आणि सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांना घरी बसविणाऱ्या संपाने पुरुषाच्या कर्तेपणाच्या कल्पनेवर केवढा आघात केला, हा विचार मनातून जाईना. दरमहा पगार घरात आणून ठेवणे हाच ज्याच्या अधिकाराचा आधार, त्याच्या खोलीतील चूल पुढे बायकोच्या शिवणकामावर, डब्यांवर आणि परक्या घरच्या धुण्याभांड्यांवर पेटू लागली. आमच्या चाळीतले साचेखात्यातील एक गृहस्थ दार लोटून विळीवर कांदा चिरीत, आणि गॅलरीत पावले वाजली की विळी घाईघाईने पलंगाखाली सारीत.

या स्थित्यंतराचे श्रेय केवळ दारिद्र्याला देणे मला अन्यायाचे वाटते. संपापूर्वीच, १९७५ साली, प्रेमा पुरव यांनी गिरणगावातील खानावळवाल्या स्त्रियांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित करून, सावकाराऐवजी बँकेचे कर्ज त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळवून देण्याची तजवीज केली होती. ज्या रांधण्याला घरात कामाचा दर्जा नव्हता, त्याचा जमाखर्च तेव्हा प्रथमच कागदावर आला. स्त्री कमावती झाली, परंतु तिच्या श्रमांतला वाटा उघडपणे उचलण्याचे धैर्य पुरुषांत त्या वेगाने आले नाही. म्हणून माझ्या पिढीच्या पुरुषांना कळकळीची विनंती आहे, की आपल्या मुलग्यांना भात शिजवायला शिकवा, आणि तेही शेजाऱ्यांदेखत.