जुनी किल्ली टाकू नका!

दादा जाऊन बरीच वर्षं झाली. त्याचे 1998 चे ई-मेल मात्र मी अजून जपलेत. तो तेव्हा पुण्यात नोकरीला, मी बंगळूरला. सायबर कॅफेत कुणी वाचायला नको म्हणून तो प्रत्येक मेलला पीजीपीचं कुलूप लावायचा. फिल झिमरमननं 1991 मध्ये फुकट वाटलेलं हे सॉफ्टवेअर म्हणजे दादासाठी सॉलिड हीरोगिरी!

गेल्या दिवाळीत कुंभारीला गेलो होतो. गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगारांची 10 हजार घरं आहेत, त्यातलं एक आमचं. रात्री आई म्हणाली, ‘‘दादाची पत्रं वाचून दाखव की रे.’’ लॅपटॉप उघडला आणि माझी विकेटच पडली! पासवर्ड बरोबर, पण जीएनयूपीजीची नवी आवृत्ती माझ्या जुन्या किल्लीला ओळखच देईना.

भानगड अशी, की त्या काळच्या किल्ल्या एमडी5 वर विसंबून होत्या. ही पद्धत पुढे कच्ची ठरली. म्हणून 2014 मध्ये जीएनयूपीजी 2.1 नं त्या किल्ल्यांना रजा दिली. सुरक्षेसाठी ठीकच, पण कुलपात राहिलेल्या पत्रांचं काय?

आईला हे सगळं कसंबसं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘नवं कपाट घेतलं म्हणून मी ट्रंकेची किल्ली टाकली का? आत सामान हाय की अजून.’’

ट्यूब पेटली! जीएनयूपीजीची जुनी 1.4 मालिका अशाच कामासाठी आहे. ती टाकली, किल्ली फिरवली... आणि दादा बोलायला लागला. ‘आईला सांगू नकोस, तिच्या चष्म्याचे पैसे साठवतोय.’

आईनं चष्मा काढला. पदरानं पुसत बसली.

आता पुन्हा तीच गंमत आहे. 2024 मध्ये ओपनपीजीपीचं नवं मानक आलं, आरएफसी 9580. जीएनयूपीजीनं मात्र लिबरपीजीपीची वेगळी वाट धरलीय. दोघांच्या नव्या किल्ल्या एकमेकांना चालत नाहीत. तेव्हा मंडळी, अपग्रेड बिनधास्त करा. पण आधी जुनी पत्रं उघडून नव्या कुलपात हलवा. आणि तोवर ट्रंकेची किल्ली पदराला बांधलेली असू द्या!