शॉकअपचे तेल आणि आईचा मणका

मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दूध घालणारा, गवंडीकामाला जाणारा, कारखान्यात पाळी करणारा, रात्री-अपरात्री औषध आणायला धावणारा, सगळ्यांचेच तिच्यावाचून अडते. आपले लोक इंजिनाचे ऑइल वेळेवर बदलतात, चेनला तेल देतात. परंतु पुढच्या शॉकअपमध्येही तेल असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मग ते वर्षानुवर्षे तसेच राहते. आज त्या कामाविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

आम्ही पेशाने कारकून, राहणार नागपूरचे. शंभर सीसीची एक जुनी गाडी आम्ही दुसऱ्याकडून विकत घेतलेली. तिच्यावरूनच कचेरी, तिच्यावरूनच वस्तीतील कामे, आणि दर पंधरा दिवसांनी आईला मेडिकलला नेणे. आईचे वय बहात्तर, मणक्याचे दुखणे. ऑटोचे जाण्यायेण्याचे भाडे दर वेळी झेपत नाही. गेल्या पावसाळ्यानंतर गाडीची लक्षणे बदलली. ब्रेक दाबला की पुढचा भाग एकदम खाली बसे. खड्ड्यात 'खट्ट' आवाज होई आणि मागून आई कण्हत म्हणे, "बाळा, हळू घे रे." हळू घेऊनही फरक पडेना. धक्के टाळा, असे डॉक्टरांनी बजावलेले. म्हणजे जी गाडी आईला उपचाराला नेत होती, तीच दुखणे वाढवीत होती.

ओळखीच्या मिस्त्रीने चाक दाबून पाहिले व म्हणाले, "सील कोरडे आहेत, पाइप सरळ आहेत. ऑइल पार पाणी झाले असेल. साहेब, घरी होण्यासारखे काम आहे, फक्त घाई करू नका." महिनाअखेर होती. रविवारी अंगणात पोते अंथरून आम्ही व बारावीत शिकणारी आमची मुलगी कामाला बसलो.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अहो, पोरीच्या हातात पाना कशाला देता?" उत्तर आईनेच दिले. "माझ्या हातात विळा होता, हिच्या हातात पाना आहे. काम ते काम!"

मुलीने विचारले, "बाबा, धक्का तर स्प्रिंग खाते ना? मग तेल कशाला?" प्रश्न बरोबर होता. स्प्रिंग धक्का झेलते, पण झेलून झाल्यावर ती वरखाली नाचत राहते. तो नाच थांबविण्याचे काम तेलाचे. शॉकअपच्या आत बारीक छिद्रे असतात. चाक वर-खाली झाले की तेलाला त्या छिद्रांतून जोराने जावे लागते. तिथे धक्क्याची ताकद खर्ची पडते व तिची उष्णता होते. तेल जुने झाले, त्यात ओल व धातूचा कीस मिसळला, की हा अडथळा राहत नाही. तेलाच्या साहाय्याने चालणारा असा दुर्बिणीच्या नळीसारखा फोर्क कारखान्यातून निघणाऱ्या गाडीवर प्रथम आला तो १९३५ साली, जर्मनीच्या बीएमडब्ल्यू आर-१२ वर. आज साध्यातल्या साध्या गाडीतही तेच तत्त्व आहे.

आता कृती. गाडी डबल स्टँडवर लावून इंजिनाखाली भक्कम लाकडी ठोकळा द्यावा. पुढचे चाक अधांतरी राहिले पाहिजे आणि गाडी हलता कामा नये. मीटरची केबल, ब्रेक, चाक व मडगार्ड काढावे. त्यानंतर वरच्या पकडीचा बोल्ट आधी सैल करावा, मगच पाइपाच्या डोक्यावरील टोपीचा बोल्ट. पाइप खालच्या पकडीत घट्ट असतानाच टोपी सैल करावी. पाइप हातात आल्यावर ती सुटता सुटत नाही. टोपीखाली स्प्रिंग दाबलेली असते. शेवटचे आटे सोडताना तोंड बाजूला ठेवावे व टोपी तळहाताने दाबून धरावी. नाही तर ती उसळून डोळ्याला लागेल.

मग खालची पकड सैल करून पाइप फिरवत खाली ओढावा. स्प्रिंग काढताना तिचे वरचे टोक कोणते, यावर खूण करावी. पाइप भांड्यावर उलटा धरून आठ-दहा वेळा आत-बाहेर करावा. आमच्या गाडीतून राखाडी काळे पाणी निघाले, वास सडक्या मासळीचा! पाइप तसाच उलटा ठेवून पूर्ण निथळू द्यावा.

नवे तेल किती व कोणत्या ग्रेडचे, हे त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात पाहावे किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावे. अंदाजाने ओतू नये. दाट तेलाने शॉकअप ताठ होतो, पातळाने नाचतो. तेल जास्त झाले तर आतल्या हवेला जागा उरत नाही व सीलवर ताण येतो. औषधाच्या दुकानातील बिनसुईची मोठी सिरिंज घेऊन मुलीने दोन्ही पाइपांत मोजून सारखे तेल घातले. नंतर पाइप हळूहळू वरखाली करून हवेचे बुडबुडे काढले. जोडताना खालची पकड आधी घट्ट करावी, मग टोपी, शेवटी वरची पकड.

रस्त्यावर जाण्यापूर्वी पुढचा ब्रेक दाबून गाडी दहा वेळा खाली-वर करावी. चाकाचा नट, ब्रेक व मीटरची केबल पुन्हा तपासावी. सीलमधून तेल पाझरत असेल तर गाडी चालवू नये, कारण ते तेल ब्रेकवर उतरले तर गाडी थांबणार नाही. सील बदलणे, वाकडा पाइप सरळ करणे हे मिस्त्रीचेच काम. जुने तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे, तेथून ते गोळा करणारे नेतात.

पुढच्या खेपेला आई गाडीवर बसली. तिचे दुखणे गेले, असे आम्ही म्हणणार नाही. तेलाने मणका बरा होत नसतो. पण परतताना ती रस्ताभर कण्हली नाही. उलट नातीच्या परीक्षेविषयी बोलत आली. बंधू-भगिनींनो, आपल्या घरातील म्हातारी माणसे, गरोदर बाया, लहान मुले याच गाड्यांवर बसतात. तेव्हा येत्या सुटीच्या दिवशी पुढचा ब्रेक दाबून आपापली गाडी एकदा खाली दाबून पाहा. ती सावकाश वर आली तर ठीक. नाचत राहिली, तर पाने बाहेर काढा, आणि मुलींनाही शेजारी बसवा.