अर्ध्या वाटेवरचं प्रदर्शन

प्रदर्शन म्हटलं की घरातली पुरुषमंडळी खिशावर हात ठेवतात आणि आपण पर्स उघडून आत किती आहेत ते बघतो, हो ना? आमच्याकडेही तसंच आहे. पण २०२३ च्या नोव्हेंबरात मी कराडच्या प्रदर्शनाला जायचं काढलं, तेव्हा ह्यांनी आपणहून पाचशेच्या चार नोटा माझ्या हातावर ठेवल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत हळूच म्हणाले, "आईला घेऊन जा. काही घेते म्हणाली तर घेऊ दे."

हे असं का, ते आधी सांगायला हवं.

आमचं घर सांगलीला, गावभागात. मागं मोठं अंगण. सासूबाई १९६९ साली लग्न होऊन या घरात आल्या आणि त्यांनी आधी काय केलं असेल, तर परसातल्या मातीत जाई लावली. मग प्राजक्त, मग सोनटक्का, आणि भिंतीकडेनं ओळीनं गुलाब. मी आले तेव्हा सतरा झाडं होती. आमच्या देवाला विकतचं फूल कधी माहीत नव्हतं. "पुडीतल्या फुलांना वास नसतो, कागदाचा वास असतो," असं त्या म्हणायच्या.

२००५ च्या पुरात बाग गेली, त्यांनी ती पुन्हा उभी केली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आमच्या सांगलीत मुलं पाढ्यांसारखे हे आकडे शिकतात: चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. पाणी आमच्या ओट्याच्या वर चढलं. परत आलो तेव्हा अंगणात घोटाभर गाळ आणि त्यात गुलाबांच्या काळ्या काड्या. तेव्हाही त्यांनी पदर खोचला. पण दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पाणी पुन्हा पन्नाशीपार गेलं, आणि मग मात्र त्यांनी गवंडी बोलावून सगळ्या अंगणाला फरशी घालून घेतली. तुळस तेवढी ठेवली. म्हणाल्या, "आता माती नको." त्या दिवसापासून देवाला दहा रुपयांची पुडी येऊ लागली. पुडी सोडताना त्या तोंडातून अक्षर काढत नसत. त्याचंच आम्हांला जास्त वाटे.

तर कराडचं निमित्त असं. माझं माहेर साताऱ्याचं. आई आता थकलीय, सांगलीपर्यंतचा प्रवास तिला झेपत नाही. कराड दोघींना साधारण अर्ध्या वाटेवर. तिथं शेती उत्पन्न बाजार समिती यशवंतराव चव्हाणांच्या नावानं मोठं प्रदर्शन भरवते, २५ नोव्हेंबरच्या पुण्यतिथीच्या सुमारास. शेतीचं, अवजारांचं, जनावरांचं, आणि त्यातच फुलांचं नि घरगुती वस्तूंचंही. आई वहिनीबरोबर एस.टी.नं येणार, आम्ही दोघी रेल्वेनं जाणार. सासूबाई बागेसाठी आल्या नसत्या, विहीणबाईंसाठी आल्या. विहिणीला नाही कसं म्हणायचं?

सांगलीहून कराडला जायचं तर मी तुम्हांला रेल्वेच सुचवीन. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच द्राक्षाचा मांडव. वाटेत किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर ही वाडी वसवली, आणि १९३० मध्ये 'स्त्री' मासिक निघालं तेही किर्लोस्करांचंच. सासूबाईंच्या आईकडे त्याचे जुने अंक दोरीनं बांधून ठेवलेले असत. स्टेशन येताच त्या खिडकीशी सरकून बसल्या. कराडचं स्टेशनही गावात नाही, ओगलेवाडीला आहे. प्रभाकर कंदील ज्या ओगल्यांचा, त्यांची ही वाडी. माझ्या माहेरी माळ्यावर त्यातला एक कंदील अजून आहे, काच तेवढी फुटली. स्टेशनवरून रिक्षानं गावात आलो.

मैदानाच्या कमानीशी आई आणि वहिनी उभ्याच होत्या. हळदीकुंकवाला निघाल्यासारखी आई नेसून आलेली, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. सासूबाईंनी पिशवीतून सांगलीची हळद आणि बेदाणे काढले. देवघेव कमानीतच झाली आणि मागच्या माणसांची वाट अडली.

आता आत काय काय होतं, ते सगळं सांगत बसले तर अंक पुरायचा नाही. ट्रॅक्टर आणि फवारणीचे पंप आम्ही भराभर मागं टाकले. उसाच्या मांडवात मात्र थांबावंच लागलं. माझ्या दुप्पट उंचीचे ऊस भिंतीला टेकून उभे केलेले, आणि ज्याचे ते शेतकरी मुलीच्या लग्नात बाप उभा असतो तसे शेजारी उभे. केळीचे घड, कोहळे, भोपळे. एका भोपळ्याला आईनं हात लावून पाहिला आणि विचारलं, "याची भाजी किती घरांना होईल?" त्याच्या मालकाला राग आला असावा.

गृहोपयोगी वस्तूंच्या गाळ्यांत गर्दी आपलीच. दोन मिनिटांत किलोभर कांदा चिरणारं यंत्र, पोळ्या लाटणारं यंत्र, न चिकटणारा तवा. दाखवणाऱ्या मुलाच्या हातात ते यंत्र लोण्यासारखं चालतं, आपल्या घरी आलं की दुसऱ्या दिवशी त्याची मूठ निघते. म्हणून माझा आपला नियम आहे: पहिल्या फेरीत पर्स उघडायची नाही. सगळं बघून यायचं, जेवून घ्यायचं, आणि जेवणानंतरही ती वस्तू आठवली तरच परत जायचं. भुकेल्या पोटी बाई काहीही विकत घेते. वहिनीनं नियम मोडला आणि कांद्याचं यंत्र घेतलं. (त्याची मूठ संक्रांतीपर्यंत टिकली, असं तिचं म्हणणं आहे.)

बचत गटांच्या बायकांचे गाळे मला फार आवडले. माणदेशाकडची घोंगडी, कोरेगावचा वाघ्या घेवडा, जवसाची नि कारळ्याची चटणी, बाजरीचे सांडगे. चुलीवरची भाकरी आणि झुणका तिथंच मिळाला. भाकरी थापणाऱ्या बाईंना सासूबाई म्हणाल्या, "पीठ आजचं दिसतंय." त्या बाईंनी लगेच अर्धी भाकरी जास्तीची वाढली.

मग फुलं.

फुलांच्या मांडवात शिरताना मी मुद्दाम मागं राहिले. शेवंतीचे पिवळे-पांढरे गठ्ठे, झेंडू, निशिगंध, जरबेरा, हरितगृहातले लांब दांड्याचे डच गुलाब, आणि एका बाजूला घरच्या कुंड्यांतले साधे गुलाब. आई सातारकर, ती कशाला गप्प बसते? "आमच्या कासला पठारभर फुलं असतात, कुणी लावली नाहीत की पाणी घातलं नाही," तिनं सुरू केलं. कासची गोष्ट खरी आहे. २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे, पावसाळा सरता सरता तिथं जमीन दिसत नाही, आणि टोपली कारवी सात वर्षांनी फुलते तेव्हा तर डोंगर निळाजांभळा होतो. पण आईच्या लहानपणी साताऱ्यात पाणी आलं की घरातले तांबे-पेलेसुद्धा भरून ठेवायचे. हौसेनं कुंडीला घालायला पाणी कुठलं? न मागता फुलणाऱ्या फुलांचं कौतुक तिला असणारच.

सासूबाई मात्र हात मागं बांधून, परीक्षकासारख्या, एकेका कुंडीपुढून चालल्या होत्या. एका गुलाबापाशी थांबल्या. वाकल्या. आणि म्हणाल्या, "याची छाटणी उशिरा झालीय. पाऊस सरल्या सरल्या करायला हवी होती, म्हणजे दीड महिन्यात धरतो." दोन वर्षांत त्यांच्या तोंडून झाडाबद्दल निघालेलं ते पहिलं वाक्य. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी झेंडूकडे पाहिलं.

मांडवाबाहेर रोपवाटिकांचे गाळे होते. इथं मैत्रिणींनो, थोडं कामाचं सांगते, कारण प्रदर्शनातून आणलेलं कलम घरी जगत नाही ही सगळ्यांचीच तक्रार असते. आपण फूल बघून रोप घेतो, आणि तिथंच फसतो. सासूबाई फूल बघतच नाहीत. त्या आधी डोळा भरलेली गाठ बघतात. ती घट्ट आणि निरोगी हवी, आणि मातीत गाडलेली नको. गाठीच्या खालून फुटवा आला असेल तर तो रानगुलाबाचा, तो काढायचा, नाहीतर सगळं बळ तोच खातो आणि वर्षाभरात आपल्या गुलाबाचा नुसता काटेरी झुडुपा होतो. मग त्या पान उलटं करून बघतात, कीड बसते ती पानाच्या पाठीला. एवढं पाहून झालं की भाव. आणि घरी आणल्यावर त्याच दिवशी मोठ्या कुंडीत हलवायची घाई नको. आठवडाभर सावलीत घरची हवा खाऊ द्यावी.

पण भाव त्यांनी कुठल्याच रोपाचा विचारला नाही. त्या थांबल्या ते शेवटच्या एका लहानशा गाळ्यात. तिथं एका तरुण मुलानं गच्चीवरची बाग मांडली होती. फळांच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये मेथी आणि पालक, रंगाच्या रिकाम्या डब्यांत मिरच्या, आणि हलक्या कुंड्यांत गुलाब. माती अगदी थोडी, बाकी नारळाच्या काथ्याचा भुसा, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड.

"मातीच का नाही भरली?" त्यांनी विचारलं.

"आजी, गच्चीवर वजन होतं. आणि ही कुंडी हलवायला सोपी जाते. काथ्याला पाणी धरून राहतं, पण मुळांना हवाही लागते ना."

"आमच्याकडे गाळ बसला होता."

"गाळ वाळला की सिमेंट होतो, आजी. मुळांचा श्वासच कोंडतो. तो तसाच भरायचा नाही. एक भाग गाळ, दोन भाग खत नि भुसा, असं करायचं."

सासूबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी हातातली पिशवी माझ्याकडे दिली, पदर खोचला, वाकल्या आणि फुललेल्या गुलाबाची एक कुंडी दोन्ही हातांनी उचलली. तो मुलगा घाईनं पुढं आला. त्यांनी मानेनंच त्याला थांबवलं. कुंडी छातीशी धरून त्या गाळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या, आणि खाली ठेवून म्हणाल्या, "भरून किती किलोची?"

"सहा-सात असेल."

"ओली?"

"ओली आठ धरा."

"किती देणार?"

मग जी घासाघीस झाली ती ऐकायला शेजारच्या गाळ्यातली माणसंही आली. आईही सासूबाईंच्या बाजूनं त्यात उतरली. दोन विहिणी एका बाजूला आणि तो बिचारा एकटा. शेवटी पाच रिकाम्या हलक्या कुंड्या, काथ्याच्या दोन विटा आणि तीन गुलाबाची कलमं घेतली. फुललेलं एकही घेतलं नाही. ह्यांच्या चार नोटांतली दीड उरली.

गाडीला वेळ होता म्हणून प्रीतिसंगमावर गेलो. कराडला गेलात तर हे चुकवू नका. दोन नद्या बहुधा कोनात मिळतात. इथं कोयना आणि कृष्णा समोरासमोरून येऊन एकमेकींना भेटतात आणि मग दोघी मिळून वळतात. काठावर यशवंतरावांची समाधी आहे, झाडं आहेत, बसायला पायऱ्या आहेत. नोव्हेंबरातलं पाणी, शांत, हिरवट. आईनं डोळ्यांना पाणी लावलं. सासूबाई पायरीवर बसून बराच वेळ कोयनेच्या बाजूला बघत होत्या. शंभर टी.एम.सी.च्या वर पाणी साठवणारं धरण तिकडे वर आहे. त्याचे दरवाजे किती फुटांनी उचलले, हे पावसाळ्यात आम्ही सांगलीकर रात्री उठून बघतो.

"इथून आपल्याकडे यायला किती वेळ लागत असेल गं?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं त्या गाडीचं विचारताहेत. मी वेळापत्रक सांगायला लागले.

"गाडी नाही. पाणी."

मी म्हटलं, सांगतात तरी आधी, एक दिवस तरी मिळतो. त्यांनी मान डोलावली. गाडीत त्यांनी कलमं मांडीवर घेतली, मला धरू दिली नाहीत. किर्लोस्करवाडीच्या जवळपास मला डुलकी लागली असावी. जागी झाले तेव्हा त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "जिन्याला अठरा पायऱ्या आहेत. मधल्या वळणावर कठडा आहे, तिथं टेकवता येईल."

कुंड्या फरशीवरच ठेवल्या, भिंतीकडेनं, जुन्या गुलाबांच्या जागी. फरशी काढायला त्यांनी नाहीच सांगितलं. फेब्रुवारीपर्यंत पहिलं फूल आलं. मग पाचाच्या नऊ कुंड्या झाल्या.

२०२४ च्या जुलैत पुलापाशी पाणी इशाऱ्याच्या पातळीकडे चढू लागलं. संध्याकाळी हे ऑफिसातून आले तेव्हा अंगण रिकामं. घाबरून त्यांनी हाक मारली. सासूबाई गच्चीच्या दारात बसून पाय दाबत होत्या आणि मागं पत्र्याखाली ओळीनं कुंड्या. माझ्या मुलानं चार आणि मी तीन वर नेल्या होत्या. उरलेल्या दोन त्यांनी स्वतः आणल्या होत्या, वळणावरच्या कठड्यावर टेकवत टेकवत.

"आठ किलो म्हणाला होता तो," त्या ह्यांना म्हणाल्या. "दहाच्या वर आहे. पुढच्या वर्षी गेलं की विचारते त्याला."