तेल देणारे

दिव्याने दिवा लावावा, असे आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. पण त्यात पहिल्या दिव्याचे जाते काय? ज्योतीने ज्योत पेटवली म्हणून ती तसूभरही लहान होत नाही. खरा दाता तो, जो आपल्या पणतीतले तेल दुसऱ्याच्या पणतीत ओततो. असे दाते फार थोडे. त्यांतला माझ्या आवडीचा दाता लढाईतला आहे. सणाच्या दिवशी लढाईची गोष्ट काढली म्हणून वाचकांनी रागावू नये.

१९८२ सालच्या एप्रिलमध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड बेटे घेतली. तिथल्या स्टॅन्लीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकायचे, असे ब्रिटिशांनी ठरवले. सर्वांत जवळचा सोयीचा तळ म्हणजे असेन्शन बेट. तेही सुमारे ६,३०० किलोमीटर दूर! व्हल्कन विमानाला एवढी मजल झेपणारी नव्हती. तेव्हा त्याच्या दिमतीला अकरा व्हिक्टर विमाने निघाली. ही व्हिक्टर विमानेही मूळची बॉम्बफेकीच. अणुबॉम्ब वाहण्यासाठी जन्मलेली ही मंडळी उतारवयात आकाशात पाणपोई चालवू लागली होती. मागे लांब नळी सोडायची, तिच्या टोकाला टोपली. मागच्या विमानाने नाकावरची दांडी त्या टोपलीत खुपसायची आणि इंधन प्यायचे. एकमेकांना असे पाजत एकेक व्हिक्टर माघारी फिरत गेले.

शेवटी वादळाने घात केला. इंधन घेताना एका व्हिक्टरची दांडीच मोडली. मग बॉब टक्सफर्डच्या विमानाने त्याचे इंधन परत घेतले आणि पुढची वाट धरली. व्हल्कनला द्यायचे ते दिले, तेव्हा टक्सफर्डजवळ घरी पोचण्याइतके इंधन उरले नव्हते. बरे, मदत मागायचीही सोय नाही. बॉम्ब पडेपर्यंत बिनतारी यंत्रावर मौन! खाली सगळा अटलांटिक. पुढे काम फत्ते झाल्याचा संकेत आला, तेव्हा कुठे त्याने हाक दिली आणि दुसरे व्हिक्टर वेळेवर भेटले. मार्टिन विदर्सचे व्हल्कनही जवळजवळ सोळा तासांनी सुखरूप परतले.

ही गोष्ट मी भूगोलाच्या तासाला सांगतो. मुले श्वास रोखून ऐकतात. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "गुरुजी, एवढं तेल देऊन शेवटी केलं काय?"

काय केले? एकवीस बॉम्ब टाकले. त्यांतला एक धावपट्टीच्या मध्यावर पडला. खड्डा बुजवून अर्जेंटिनाची मालवाहू विमाने तिथे पुन्हा उतरू लागली. हे उत्तर देताना माझा आवाज जरा खाली गेला.

त्या पोरीचा प्रश्न मला अजून सोडत नाही. कारण माझ्याही मागे एक नळी सोडलेली होती. मला दहावीपर्यंत नेण्यासाठी ताईने सातवीत शाळा सोडली आणि ती माघारी फिरली. तिला पुन्हा तेल द्यायला कुणी वेळेवर आले नाही. तिने कधी हिशेब मागितला नाही. भाऊबीजेला ओवाळून झाले, की ती फक्त एवढेच विचारते, "यंदा काय लिहिलंस रे?"

प्रश्न साधा असतो. पण मी ताटात ओवाळणी ठेवतो आणि उत्तर शोधू लागतो.