उमरी ते तारकर्ली : समुद्रात उतरण्यापूर्वी

उमरी हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मुदखेड-निजामाबाद लोहमार्गावरील स्थानक, कापूस व सोयाबीनची आवक, आडतीची दुकाने आणि पहाटेपासून चालणारी हिशेबाची लगबग, असा येथील दिनक्रम. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. पाण्याशी गावाचा परिचय तो विहिरीचा आणि गोदावरीचा. अशा गावातील एका व्यापारी कुटुंबात नातवाने 'समुद्राच्या तळाशी जाऊन पाहायचे आहे' असा हट्ट धरला, तेव्हा घरात काही काळ शांतता पसरली. आजोबांचा धाकटा भाऊ चौदाव्या वर्षी गोदावरीच्या डोहात बुडाला होता. तेव्हापासून त्या घरातील कोणीही पोहायला शिकले नव्हते.

आजोबांनी नकार दिला नाही, अट घातली. आधी पोहणे शिकावयाचे, मग समुद्राचे नाव काढावयाचे. नातवाने नांदेडच्या तरणतलावावर आठ महिने घालविले. त्यानंतर कुटुंबाची पुढील चर्चा सुरू झाली : जायचे कोठे, उतरायचे कोठे आणि बुडी मारायची कोणाच्या भरवशावर?

नातवाने इंटरनेटवर कॅरिबियन समुद्रातील बोनेर बेटाची चित्रे पाहिली होती. तेथे बोटीची गरजच पडत नाही. बेटाच्या पश्चिमेकडील बाजू वाऱ्यापासून सुरक्षित असल्याने पाणी संथ असते आणि प्रवाळांची रांग किनाऱ्यापासून अगदी जवळ सुरू होते. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगविलेले दगड उतरण्याच्या जागा दाखवितात; पर्यटक गाडीत हवेचे सिलिंडर टाकून येतात आणि चालतच पाण्यात शिरतात. सन १९७९ पासून तेथील समुद्र संरक्षित उद्यान आहे. भारतात याच्या जवळचा अनुभव अंदमानातील स्वराजद्वीप, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉक बेटावर मिळतो. परंतु पहिल्याच प्रयत्नासाठी इतका लांबचा प्रवास आणि खर्च कशाला, हा आजोबांचा प्रश्न रास्त होता. शेवटी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणजवळच्या तारकर्लीवर एकमत झाले.

तिथीचा निर्णय मात्र वादाविना झाला. पावसाळ्यात कोकणचा समुद्र खवळतो आणि पर्यटकांच्या बोटी व बुडीचे व्यवसाय बंद ठेवले जातात. चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्या घरांना हा नियम सोयीचाच. कार्तिकी पौर्णिमा उलटल्यावर पाणी निवळते, थंडीत समुद्र तुलनेने शांत असतो आणि दुकानातही दिवाळीची धांदल सरलेली असते. मार्गशीर्षातील एक आठवडा ठरला.

प्रवास लातूर, सोलापूर, कोल्हापूर असा मोटारीने झाला. वाटेत हातकणंगले तालुक्यातील कुंभोजगिरीस दर्शन घडले. तेथील भगवान बाहुबलींची अठ्ठावीस फूट उंच मूर्ती पाहताना आजी बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. घाट उतरल्यावर हवेत दमटपणा आला, नारळी-पोफळीच्या बागा दिसू लागल्या. रेल्वेने येणाऱ्यांस कोकण रेल्वेचे कुडाळ स्थानक सोयीचे असून तेथून मालवण सुमारे तीस किलोमीटर आहे. मालवणपासून तारकर्ली आणखी सहा-सात किलोमीटर.

मुक्कामाची निवड हा सूनबाईंचा विषय होता. येथे तीन प्रकार आढळतात : तारकर्लीचे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवास, मालवण शहरातील हॉटेले आणि देवबागच्या चिंचोळ्या वाळूपट्टीवरील घरगुती निवास. देवबागच्या एका बाजूस कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूस समुद्र. जागा अत्यंत रमणीय. मात्र तेथील बहुतेक स्वयंपाकघरांतून मासळी शिजते. ते त्यांचे नित्याचे अन्न आहे; त्यात कोणास दोष देण्याचे कारण नाही. आपण काय विचारावयाचे ते आधी विचारून घेणे, एवढेच आपल्या हाती. भांडी वेगळी मिळतील काय, कांदा-लसूण व कंदमुळे वगळून रांधता येईल काय, पाणी उकळून मिळेल काय आणि सहाच्या सुमारास होणाऱ्या सूर्यास्तापूर्वी ताट वाढले जाईल काय, हे चार प्रश्न सूनबाईंनी दूरध्वनीवरच विचारले. दोन ठिकाणी अडखळत होकार आला. तिसऱ्या ठिकाणी बाईंनी सरळ सांगितले, "आमच्याकडे जमणार नाही, पण मागची खोली आणि शेगडी देते, तुम्हीच करून घ्या." सूनबाईंनी हीच जागा घेतली. खोटा होकार देणाऱ्यापेक्षा खरा नकार देणारा यजमान भरवशाचा, असे त्यांचे गणित होते. पुढे त्याच बाईंनी लसूण न घातलेली सोलकढी आणि नारळाच्या रसाबरोबर घावणे करून वाढले.

पहिल्या दिवशी सर्वांनी सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. छत्रपती शिवाजी महाराजांनी सन १६६४ मध्ये कुरटे बेटावर याची पायाभरणी केली. किल्ल्याभोवतालचे खडक बोटींना धोक्याचे, म्हणून तटबंदीस उपकारक. आज त्याच खडकांच्या आश्रयाने प्रवाळ आणि मासे नांदतात. सन १९८७ मध्ये हा परिसर मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. स्थानिक मच्छीमारांचा त्यास विरोध राहिला, कारण त्यांची उपजीविका याच पाण्यावर आहे.

तारकर्लीस किनाऱ्यावरून चालत जाऊन बुडी का मारता येत नाही, हेही येथेच उमगले. किनारा वाळूचा आणि उतार मंद. लाटा वाळू ढवळतात, नदी गाळ आणते. त्यामुळे काठाजवळ पाणी गढूळ राहते. पाहण्याजोगे जे आहे ते खडकांपाशी, म्हणून बोट अपरिहार्य. आणि बोट आली की जोखीम आली. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात बुडीहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. आजोबांनी त्या वेळचे वर्तमानपत्राचे कात्रण वहीत जपून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कात्रण उपयोगी पडले. स्वस्तात ठरविलेल्या एका बोटीवर कुटुंब पोहोचले. आजोबांनी माणसे मोजली, मग जीवरक्षक जाकिटे मोजली. जाकिटे चार कमी भरली. "पाच मिनिटांचे तर अंतर आहे," असे उत्तर मिळाले. आगाऊ दिलेली रक्कम परत मिळणार नव्हती. नातवाचा चेहरा उतरला, मुलगाही म्हणाला, "बाबा, इतके लोक जात आहेत." आजोबा एवढेच म्हणाले, "डोहावरही त्या दिवशी पुष्कळ लोक होते." सर्व जण बोटीतून उतरले.

तारकर्लीस पर्यटन महामंडळाने स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभारली असून तेथे सरावासाठी खास तलाव आहे. नातवाचा पुढचा दिवस प्रशिक्षकासह तलावातील सरावात गेला. श्वास कधीही रोखून धरावयाचा नाही, हा पहिला नियम. कारण वर येताना दाब घटतो आणि कोंडलेली हवा फुप्फुसात फुगते. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, म्हणून उतरताना नाक दाबून कान मोकळे करीत राहावे लागते. अंगठा वर करणे म्हणजे 'छान' नव्हे, तर 'वर चला'. दमा, हृदयविकार वा फेफरे असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना उतरू नये आणि बुडीनंतर किमान अठरा तास विमानप्रवास टाळावा.

त्यानंतरच्या दिवशी सकाळी, वारा सुटण्यापूर्वी, बोट निघाली. या वेळी जाकिटे माणसांपेक्षा दोन अधिक होती. आजोबा स्वतः बोटीत बसले. उतरण्यापूर्वी त्यांनी प्रशिक्षकास विनंती केली की, माशांना जवळ बोलाविण्यासाठी पाव टाकू नये आणि मुलाचा पाय प्रवाळावर पडू देऊ नये. 'जीवविचार' ग्रंथात शंखाची गणना द्वींद्रिय जीवांत आणि विद्रुमाची, म्हणजे पोवळ्याची, पृथ्वीकायात केली आहे. आजचे शास्त्र पोवळ्यास सूक्ष्म प्राण्यांची वसाहत मानते. वर्गीकरण निराळे असले तरी हात न लावण्याचा निष्कर्ष एकच निघतो.

नातू सुमारे वीस मिनिटे पाण्याखाली होता. वर बुडबुडे दिसत होते आणि आजोबांची दृष्टी त्यांवरून हलत नव्हती. तो वर आला, मुखवटा काढला आणि पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचे थवे, खडकावरील प्रवाळ, कपारीत दडलेला खेकडा, असे सारे एका दमात सांगू लागला. आजोबांनी विचारले, "कशाला हात लावला नाहीस ना?"

"नाही आजोबा."

"मग झाले." असे म्हणून त्यांनी टॉवेल पुढे केला आणि तोंड दुसरीकडे वळविले.

उमरीस परतल्यावर नातवाची दहा वर्षांची बहीणही मागे लागली. या वेळी अट सांगावी लागली नाही. दर रविवारी दुकान मुलाच्या स्वाधीन करून आजोबा तिला नांदेडच्या तरणतलावावर घेऊन जातात आणि ती बाहेर येईपर्यंत काठावर उभे राहतात.