दहांपैकीं किती गुण?

छत्तीस वर्षें मीं उत्तरपत्रिका तपासल्या. निवृत्त होऊन आतां बराच काळ लोटला. परंतु समोर जें जें येईल त्याला मनांतल्या मनांत गुण देण्याची खोड मात्र गेली नाहीं.

गेल्या चातुर्मासांत एके संध्याकाळीं माडीवरच्या खोलींतून गाण्याचा आवाज आला. गाणारा जीव तोडून ओरडत होता. सूर कोठें ताणला जाई, कोठें घसरे. मागें पितळी वाद्यांचा गलबला आणि त्यांतच कोणी कण्हत असावें असा एक विलक्षण नाद. "कोण रे आजारी आहे?" असें मीं विचारतांच नातू हंसून म्हणाला, "आजोबा, ती सुताराची करवत आहे, गजानें वाजवतात." मी तेथल्या तेथें दहांपैकीं तीन गुण देऊन मोकळा झालों. "निदान हकीकत तरी ऐका," असें म्हणून त्यानें मला बसवून घेतलें.

अमेरिकेंतील 'न्यूट्रल मिल्क हॉटेल' या वाद्यवृंदाची ती ध्वनिमुद्रिका. नांव 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी'. बड्या कंपन्यांच्या आश्रयावांचून, लहान प्रकाशकांच्या बळावर गाणाऱ्या अशा मंडळींच्या संगीतास तिकडे 'इंडी रॉक' म्हणतात. लुइझियाना संस्थानांतील रस्टन गांवचा जेफ मँगम हा यांचा कवि व गायक. १९९७ सालीं डेन्व्हर येथें रॉबर्ट श्नायडर या मित्राच्या देखरेखीखालीं मुद्रण झालें आणि फेब्रुवारी १९९८ मध्यें मर्ज रेकॉर्ड्सनें ती मुद्रिका प्रसिद्ध केली. त्यापूर्वीं मँगमनें ॲन फ्रँकची रोजनिशी वाचली होती. १९४५ सालीं जर्मन छळछावणींत मरण पावलेल्या त्या पंधरा वर्षांच्या मुलीसाठीं तो इतका व्याकुळ झाला कीं तिची छाया अनेक गाण्यांवर पडली. हें कळल्यावर मीं पुन्हा कान दिला. मघाशीं ज्याला ओरडा म्हटलें तो आक्रोश होता.

पुढची गोष्ट तर माझ्याच धंद्यांतली. 'रोलिंग स्टोन' मासिकानें तिला पांचांपैकीं तीन तारे दिले. 'पिचफोर्क' या नियतकालिकानें १९९८ मध्यें दहांपैकीं ८.७ गुण दिले; आणि २००५ सालीं मुद्रिका पुन्हा निघाली तेव्हां त्याच 'पिचफोर्क'च्या दुसऱ्या परीक्षकानें पूर्ण दहा दिले! उत्तरपत्रिका तीच, तींत कानामात्रेचाही फरक नाहीं. बदलला तो परीक्षक आणि काळ. परंतु हे दहा गुण घेण्यास विद्यार्थी वर्गांत नव्हता. १९९८ च्या दौऱ्यानंतर मँगम लोकांपासून दूर गेला होता; टीकेमुळें नव्हे, तर दगदगीनें आणि लोकांच्या वाढत्या कुतूहलानें. वृंद पुन्हा एकत्र आला तो २०१३ सालीं.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. नववीच्या वर्गांतला एक मुलगा आठवत राहिला. 'पावसाळ्यांतील एक दिवस' हा निबंधाचा विषय. इतरांनीं मोर नाचविले, इंद्रधनुष्यें उभारलीं. यानें आजारी आईला होडींतून पलीकडे नेल्याचें लिहिलें होतें. वाक्यें अर्ध्यावर तुटलेलीं, शुद्धलेखनाचा पत्ता नाहीं. मीं दहांपैकीं दोन गुण दिले आणि 'वाक्यें अपूर्ण' असा शेरा मारला. ती बाई पलीकडून परत आलीच नाहीं, हें मला पुष्कळ दिवसांनीं कळलें. पुढें तो मुलगा निबंध पाठ करून लिहूं लागला, आणि मी त्याला सात सात गुण देऊं लागलों.

आपला समानधर्मी केव्हांतरी जन्मास येईल, या आशेवर भवभूतीसारख्या महाकवीनें दिवस काढले. परंतु नववींतल्या पोरानें कोणाची आणि किती वाट पाहावी? शुद्धलेखन तपासणें हें माझें कर्तव्यच होतें, त्याबद्दल मला खेद नाहीं. पण तें वाक्य कां तुटलें एवढें विचारावयास मला कोणी अडविलें होतें?

हल्लीं माडीवरून करवतीचा तो सूर आला कीं मी हातांतलें पुस्तक मिटतों. परवां नातवानें जिन्यावरूनच विचारलें, "आजोबा, आतां किती गुण?"

मीं म्हटलें, "अजून ऐकतों आहें, बाळ."