स्टँडवर बसलेली माणसं

तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर एकटं बसायला कारण सांगावं लागत नाही. देवळात तासभर बसलं तर लोकांना वाटतं, घरात काहीतरी बिनसलंय. हॉटेलात बसलं की दुसरा चहा मागवावा लागतो. घरच्या ओट्यावर तर विचारूच नका. स्टँडवर मात्र कितीही वेळ बसा, हा गाडीची वाट बघतोय असं सगळे धरून चालतात. एकट्या माणसाला सुखानं एकटं बसू देणाऱ्या जागा आपल्याकडे फार नाहीत.

सिमेंटच्या बाकाच्या पाठीवर कुणा कैलासवासी माणसाचं नाव आणि खाली 'यांच्या स्मरणार्थ'. त्या नावाला पाठ टेकून माणसं शेंगा खातात. कंट्रोलरच्या खिडकीवरचा भोंगा गावाचं निम्मं नाव गिळतो, तरी ज्याची गाडी असते तो बरोबर उठतो. उठताना शेजारच्या अनोळखी माणसाला 'जरा पिशवीकडं बघा' म्हणून पाणी प्यायला जातो. ज्याला कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा भरवसा वाटत नाही, तोही स्टँडवर पिशवी बिनघोर सोपवतो. मग 'गाव कुठलं?', 'मग तुम्ही पाटलांचे कोण?' असं करत पाहुणेपण निघतं. तेवढ्यात गाडी लागते आणि नाव विचारायचं राहून जातं. बिघडत काहीच नाही.

1 जून 1948 ला पुण्याहून नगरला पहिली एस.टी. धावली. त्यानंतर या गाड्यांनी माणसांबरोबर काय काय वाहिलं त्याची यादी मोठी होईल. मला त्यातले डबे आठवतात. शिकायला तालुक्याला खोली करून राहिलेल्या पोरांचे डबे सकाळच्या पहिल्या गाडीनं यायचे. आई पहाटे उठून भाकरी थापायची, बाप फाट्यावर उभा राहून ड्रायव्हरच्या हातात पिशवी द्यायचा. जुन्या साडीची शिवलेली पिशवी, आत स्टीलचा डबा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव पोराचं नसायचंच; आईच्या लग्नात ज्यानं तो आहेर केला, त्या मामाचं किंवा आत्याचं असायचं. ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर डब्यांची रांग लागायची आणि इंजिनाच्या धगीनं पिठलं कोमट राहायचं. डिझेलचा थोडा वास लागायचा, तो कुणी मनावर घेत नसे.

रिकामा डबा संध्याकाळच्या मुक्कामी गाडीनं परत जायचा. पोराची खबर त्यातच असायची. डबा घासूनपुसून आला तर ठीक. दोन दिवस अर्धी भाकरी परत आली की तिसऱ्या दिवशी बाप स्वतः त्याच गाडीतून उतरायचा. पोराच्या कपाळाला हात लावायचा, 'काही नाही, बियाणं घ्यायला आलो होतो' म्हणायचा आणि दुपारच्या गाडीनं परत फिरायचा. आता पोरं मेसला जेवतात आणि आई फोनवर विचारते. 'जेवलो' म्हणायला काय लागतं?

मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरची रात्र कशी जात असेल, याचा विचार तेव्हा कधी मनात आला नाही. गाव झोपायचं, ते दोघं गाडीतच सीटवर आडवे व्हायचे. एखाद्या घरातून कालवण जायचं त्यांना. त्यांचीही पोरं कुठंतरी दुसऱ्याच्या डब्यावर असतील.

हल्ली स्टँडवर म्हातारी माणसं जास्त दिसतात. 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्यांना एस.टी. फुकट झाली, 2023 च्या मार्चपासून बायकांना निम्मं तिकीट. लेकीकडं जायला मावश्यांना आता नवऱ्यापुढं हात पसरावा लागत नाही. म्हातारे मात्र पुष्कळदा कुठंच जात नसतात. सकाळच्या गाडीनं येतात, धोतर सावरत बाकावर बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याशी पाऊसपाणी बोलतात आणि उन्हं उतरली की परततात. एका आबांना विचारलं, 'काय काम काढलं?' ते म्हणाले, 'काम कसलं? घरी सगळे कामाला जातात. हितं निदान कुणीतरी विचारतं, कुठली गाडी म्हणून.'

सरकारी खर्चाबद्दल कुणी काहीही म्हणो, ही सवलत मला त्या उत्तरासाठीच वसूल वाटते. तुमच्या घरात पंचाहत्तरी ओलांडलेलं कुणी दिवसभर खिडकीशी बसून असेल, तर ओळखपत्र खिशात घालून द्या आणि एकदा स्टँडवर नेऊन सोडा. संध्याकाळच्या गाडीनं ते आपले आपण परत येतील.